नाव कशाला

आमगावच्या पुढे, खांब क्रमांक एकशे सत्तावीस.
तारेवर आलेली जांभळीची फांदी तोडताना
कोयता माझ्याच पोटरीत उतरला.
आधी काहीच दुखलं नाही.
पांढरं दिसलं, मग लाल,
मग बसलिंगचा चेहरा.

"नोडबेड, नोडबेड," तो म्हणत राहिला,
आणि स्वतः मात्र बघतच राहिला.
जीप ओढ्यापलीकडे. तिच्यातल्या प्रथमोपचाराच्या डब्यात
दोन फ्यूज, विड्यांचं बंडल,
आणि कुठल्याशा जत्रेचा वाळका अंगारा.

तेव्हा म्हशींच्या मागून ठकू बोडके आली.
घाई नव्हती तिला.
काठी टेकवली, एका म्हशीला शिवी हासडली,
वाटेच्या कडेला वाकली,
आणि जिथं माझा बूट नुकताच पडून गेला होता
तिथलाच पाला ओरबाडला.
लांब उघड्या देठावर एकेकटं फूल,
मधे पिवळं, कडेला जेमतेम पांढरं,
कुणी कधी देवाला न वाहिलेलं.
तळहातावर चोळला. पुरेना, म्हणून चावला.
आणि ती हिरवी थुंकी जखमेत भरली.

मी किंचाळलो.
"वरडूलालास कशाला? म्हस बुजती."

वर कुंभ्याची ओली साल,
तिच्यावर माझ्याच सदऱ्याची बाही.
रक्त थांबलं, का थकलं,
कळलं नाही.

बसलिंग म्हणाला, बैलहोंगलला ह्यानं
आम्ही शाळेच्या पाट्या काळ्या करायचो.
मी म्हणालो, आमच्यात दगडीपाला.
कुणी एकदांडीही म्हणतं.
दुखणं विसरायला माणूस काहीही बोलतो.
तिला विचारलं, तुम्ही काय म्हणता?
"नाव कशाला?
हाक मारायची हाय व्हय त्येला?"

खानापूरच्या डॉक्टरीणबाई रायचूरकडच्या.
चिमट्यानं हिरवं वेचून काढताना
कन्नडमधून रागावत होत्या,
थुंकी, जंतू, अडाणीपणा, सगळं मला कळत होतं.
धनुर्वाताची सुई. सात टाके.
मग पाठ करून हात धुताना म्हणाल्या,
"रक्त थांबलं होतं पण. नाहीतर..."
पुढचं वाक्य नळाखाली गेलं.

फॉर्मवर 'आधी केलेला उपचार',
खाली अर्धा पानभर मोकळी जागा.
बसलिंगनं गोलगोल अक्षरात
एकच शब्द लिहिला: सोप्पू.
पाला.

पुढच्या कार्तिकात तिच्यासाठी बॅटरी घेऊन गेलो.
वस्ती उठली होती.
गोठ्याच्या जागी नुसते खुंटे,
आणि खुंट्यांभोवती, म्हशींनी तुडवायचं सोडल्यापासून,
तीच फुलं. गुडघाभर.
माझ्या पोटरीला उगाच खाज सुटली.

ती सापडली बिडीच्या अलीकडे,
पत्र्यांच्या रांगेत, घर नंबर नऊ.
म्हशी दोन. बाकीच्या विकल्या.
अंगठ्याला विळा लागलेला,
त्यावर औषधदुकानातली चिकटपट्टी,
कडा मळून वर आलेल्या.
मी काही न बोलता गटाराकडे बोट केलं.
पाला होता की तिथंही,
पार उसाच्या बांधापर्यंत.

"बघितलंय," ती म्हणाली. "हितं फवारत्यात.
हितला पाला तोंडात कोण घालील?"

मग मला पँट वर करायला लावली.
पट्टीवाला अंगठा व्रणावरून सावकाश फिरवला,
म्हशीच्या पाठीवरून फिरवावा तसा.
"डाक्टरनीनं टाकं वाकडं घातल्यात," म्हणाली,
आणि बॅटरी पेटते का ते
भर दुपारच्या उन्हात
दाबून दाबून बघू लागली.